पहिला डॅक-अँप घेताय? आधी हेडफोन बघा

डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा हेडफोनला चालेल असा सिग्नल करणारा भाग, अँप म्हणजे तो सिग्नल जोरदार करणारा. अरे आधी हेडफोन कुठलाय ते बघ, ३२ ओहमचा (ओहम म्हणजे हेडफोनचा विद्युत रोध) साधा असेल तर लॅपटॉपच्या जॅकवरही छान वाजतो, पैसे वाचव, पण सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा असेल तर अँप घेच, खरंच मजा येते. डॅक आणि अँप एकाच डब्यात असलेलं, यूएसबीवालं घे. ३८४ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटच्या (आवाजाची सेकंदाला किती मोजमापं, तो आकडा) मागे लागू नकोस, सीडी ४४.१ चीच असते.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- गेन (अँप सिग्नल किती पट वाढवतो ते सेटिंग) थेट हायवर. लो ठेव, आवाज कमी पडला तरच वाढव.
- व्हॉल्यूम शून्यावर न आणता हेडफोन लावतात, कान जपायचेत रे!
- सेटिंगमध्ये आउटपुट बदलतच नाहीत, मग लॅपटॉपचा स्पीकरच वाजत बसतो.