डॅलसला कसली आलीय थंडी? असं म्हणू नका, पाइपांबद्दल सविस्तर सांगते

तुम्ही विचारलंय की जुलैमध्ये नाशिकहून डॅलसजवळच्या प्लेनोला येतोय, पहिलं वर्ष भाड्याच्या घरात राहणार, आणि मिस्टरांच्या ऑफिसातले म्हणतात की पाइप गोठणं वगैरे मिनेसोटावाल्यांचं दुखणं, टेक्सासमध्ये त्याचं काय, तर खरंच काही करावं लागतं का. हो, लागतं. मी तर म्हणेन इथेच जास्त लागतं.

मिनेसोटात घर बांधतानाच थंडी गृहीत धरलेली असते, पाण्याची लाइन खोल जमिनीतून गरम तळघरात येते. इकडे बहुतेक घरांना तळघरच नाही, घर थेट काँक्रीटच्या स्लॅबवर, मग कितीतरी घरांत पाइप बाहेरच्या भिंतीतून नाहीतर छपराखालच्या अॅटिकमधून फिरवलेले, आणि अॅटिकला हीटिंग नसतं. बाहेर पारा साधारण २० फॅरनहाइटच्या म्हणजे उणे ७ सेल्सियसच्या खाली गेला की असे पाइप धोक्यात येतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही इथेच होतो. १६ तारखेला डॅलसला उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सियस, आणि त्यात राज्यभर लाखो घरांची लाइट गेलेली. आमचं हीटिंग गॅसवर, पण त्याचा पंखा विजेवर, म्हणजे तेही बंद. सकाळी किचनचा नळ सोडला तर नुसता फुस्स आवाज, पाण्याचा थेंब नाही. आम्हाला वाटलं पाणीच गेलंय, नळ बंद करून ठेवला. दोन-तीन दिवसांनी ऊन पडलं, हुश्श केलं, आणि त्याच दुपारी हॉलच्या सिलिंगवर ताटाएवढा ओला डाग दिसला, बघता बघता तो फुगला आणि धाडकन सगळं खाली, भिजलेलं गुलाबी इन्सुलेशन, पांढरा चिखल, वरून पाण्याची धार. मेन कॉक कुठे आहे ते माहीतच नव्हतं. शेजारच्या आजोबांनी पळत येऊन लॉनमधल्या मीटरच्या बॉक्समधून पाणी बंद केलं तोवर गालिचा घोट्यापर्यंत पाण्यात. नंतर प्लंबरने कापलेला पाइप हातात दिला, तांब्याचा, बोटभर लांब उभी चीर, पडवळ उकलावं तशी.

हे नीट लक्षात ठेवा, पाइप फुटतो गोठताना पण कळतं वितळल्यावर. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, आणि बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकतं त्यावर दाब इतका वाढतो की पाइप तिथे फाटतो. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ बारीक ठिबकत ठेवायचा, गरम आणि थंड दोन्ही, विशेषतः बाहेरच्या भिंतीवरचे. आपल्याकडे ठिबकणारा नळ दिसला की हात आपोआप जातो बंद करायला, मला माहितेय, पण त्या दोन-चार रात्री जाऊ द्या पाणी. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे घरातली ऊब आत पोचते, गॅरेजचं दार मात्र बंद. बाहेरच्या नळाला बागेची नळी लावलेली असेल तर आधी ती काढा, ती राहिली तर आतलं पाणी निघून जात नाही आणि नळ भिंतीच्या आत फुटतो, मग त्या नळावर फोमचं कव्हर. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या तोंडावर परत कडाका आला तेव्हा एवढंच केलं, काही झालं नाही.

नळ गोठलाच तर तो उघडा ठेवा, आणि पाइप दिसत असेल तर हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने मागे मागे जात गरम करा. मेणबत्ती, लायटर, गॅसची शेगडी असलं अजिबात नको, घरं लाकडाची असतात इथली.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर पैसे वाचवायला हीटिंग बंद करून जाऊ नका, निदान ५५ फॅरनहाइटवर ठेवा, मेन बंद करून नळ सोडून पाइप रिकामे करा, आणि कुणाकडे तरी किल्ली ठेवा. रेंटर्स इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून घ्या, घरमालकाचा इन्शुरन्स त्याच्या घराचा, तुमच्या सामानाचा नाही.

आणि घराची किल्ली हातात घेताना मालकाला विचारा, मेन कॉक कुठाय, तो स्वतः एकदा फिरवून बघा, मिस्टरांनाही दाखवा. मीटरच्या बॉक्ससाठी लांब दांड्याची एक चावी लागते, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती आणि फोमची कव्हरं नोव्हेंबरातच आणा, थंडीचा इशारा आल्यावर दुकानं रिकामी होतात. घर ठरलं की किचन-बाथरूमचे फोटो पाठवा, कुठले नळ बाहेरच्या भिंतीवर येतात ते बघून सांगते.