माणूसघाणा आणि बुजगावणं

प्रश्न असा आहे: चार लोकांत जायची धास्ती असणाऱ्याला 'माणूसघाणा' म्हणावं का, आणि 'अँथ्रोपोफोबिया'ला, म्हणजे माणसांच्या भीतीला, मराठी शब्द कोणता?

पहिल्याचं उत्तर, अजिबात म्हणू नये. कुणी लग्नाला आला नाही, फोन उचलला नाही, की लागलीच माणूसघाणा! अहो, माणूसघाण्याला माणसांची शिसारी असते, भीती नव्हे. शब्दातच नाक आहे. संस्कृतात 'घ्राण' म्हणजे वास घेणं किंवा खुद्द नाक. मराठीत पोचेपर्यंत त्याची घाण झाली. (जपानी मानसोपचारात 'तायजिन क्योफुशो' म्हणून माणसांच्या भीतीचा एक विकार सांगतात. त्याच्या एका प्रकारात रुग्णाला वाटतं, आपल्याच अंगाच्या वासाने इतरांना त्रास होतोय. माणूसघाण्याच्या नेमकं उलट!)

धास्तावलेल्याला शब्द आहे 'बुजरा'. लाजाळू, भिडस्त सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. बुजणं हे जनावराचं क्रियापद. खड्डा बुजतो ते वेगळं. बैल मोटारीला बुजतो, घोडं उघडलेल्या छत्रीला बुजतं. 'फोबिया' ज्यातून आला त्या ग्रीक 'फोबोस'चीही तीच जात: होमरच्या काव्यात त्याचा अर्थ भीती नव्हे, रणांगणातली पळापळ.

आणि याच बुजण्यातलं 'बुजगावणं'! लाटायचं ते लाटणं, कोरायचं ते कोरणं, तसं पाखरांना बुजवायचं ते बुजगावणं. काठीला फाटका सदरा, वर मडक्याचं डोकं. वाघाचं चित्र नाही, सापाची कात नाही, थेट माणूसच उभा करायचा. माणसाच्या भीतीचं शेतकऱ्याने चक्क अवजार केलं. मधल्या अक्षरांत 'गाव' शोधून 'गावाला बुजवणारं' असा अर्थ लावणारे विद्वान भेटतात. त्यांनी एकदा जोंधळ्याच्या शेतात उभं राहून गाव कुठे दिसतं ते सांगावं. 'दटावणं', 'धमकावणं' यांतला 'आव' हा प्रत्यय इथेही आहे, असं माझं मत; 'ग' मधे घुसला असेल जिभेच्या सोयीने.

राहिला 'अँथ्रोपोफोबिया'. 'मानवभयगंड' नको. न्यूनगंडातला गंड कॉम्प्लेक्ससाठी घेतलेला, तो प्रत्येक फोबियाच्या गळ्यात का बांधायचा? 'माणूसबुज' म्हणून बघा. कोशवाले नाकं मुरडतील. घ्राणेंद्रियाचा त्यांना तेवढाच उपयोग.