वाचकांचे प्रश्न : थकलेला पगार आणि संघाची मालकी

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत पिट्सबर्गला शिकतो. आइस हॉकीतला एक निवृत्त खेळाडू पगार थकल्यामुळे तिथल्या संघाचा मालक झाला, असे तो सांगतो. यात तथ्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी सांगितलेली हकिकत खरी आहे. हे खेळाडू म्हणजे कॅनडातील मॉन्ट्रियलचे मारिओ लेम्यू. पिट्सबर्ग पेंग्विन्सने त्यांना १९८४ मध्ये निवडले आणि १९९१ व १९९२ असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ली चषक त्यांच्याच नेतृत्वाखाली जिंकला. परंतु मोठ्या पगारांचा बराच भाग पुढे केव्हातरी देण्याच्या बोलीवर करार होत गेल्याने १९९८ मध्ये संघावर दिवाळखोरीची वेळ आली. आदल्याच वर्षी निवृत्त झालेल्या लेम्यू यांचे तेव्हा तीन कोटी डॉलरहून अधिक येणे होते. त्यातील मोठा हिस्सा त्यांनी भागभांडवलात वळवला, भागीदार जमवले आणि १९९९ मध्ये न्यायालयाच्या मंजुरीने संघ ताब्यात घेतला. घेणेकरीच मालक झाला म्हणा ना!

आम्हाला मात्र त्यांचा १९९२-९३चा हंगाम याहून थक्क करणारा वाटतो. जानेवारीत त्यांना हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग, असल्याचे निदान झाले. २ मार्चला सकाळी किरणोपचाराची शेवटची मात्रा घेऊन ते विमानाने फिलाडेल्फियाला गेले, आणि त्याच रात्री त्यांनी एक गोल केला व दुसऱ्यास सहाय्य दिले. पाहुण्या संघाला सहसा हुर्यो मिळते अशा त्या मैदानात प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. या खेळात गोल आणि सहाय्य या दोन्हींचा एकेक गुण खेळाडूच्या खाती जमा होतो. त्या हिशेबाने ते बफेलोच्या पॅट लाफॉन्टेन यांच्यापेक्षा १२ गुणांनी मागे पडले होते. हंगामाअखेर, ८४ पैकी ६०च सामने खेळूनही, लेम्यू यांचे १६० गुण झाले आणि लाफॉन्टेन यांचे १४८.

२७ डिसेंबर २००० रोजी ते मालक असतानाच पुन्हा बर्फावर उतरले आणि पहिल्याच मिनिटात त्यांनी एका गोलास सहाय्य दिले. हृदयाचे ठोके अनियमित होऊ लागल्याने जानेवारी २००६ मध्ये ते कायमचे थांबले, तेव्हा ९१५ सामन्यांत त्यांचे १७२३ गुण होते. पुढे २००९, २०१६ आणि २०१७ मध्ये संघाने चषक जिंकला, तोही त्यांच्या मालकीच्याच काळात.