दादा पितो, आणि मी शांत कशी बसू?

ध्यान करणारे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात : मन शांत ठेवायला शिकलो तर आपण दगड तर होणार नाही ना?

फोंड्याकडची एक बाई हेच घेऊन आली होती. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेली. "मॅडम, दादाची कणव आली की झोप उडते. समता ठेवू गेले, म्हणजे मन स्थिर ठेवू गेले, तर वाटतं, त्याला वाऱ्यावर सोडला."

कालची रात्र कशी गेली, ते सांगा म्हटलं. दादा आल्यावर हिने स्कूटरच्या डिकीतली क्वार्टर शोधून न्हाणीत ओतली, मग त्याच्या खोलीबाहेर जागत बसली. सकाळी त्याच्या कामावर 'ताप आहे' असा फोनही हिचाच. (रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर झटके येऊ शकतात, बाटली ओतणं हा उपाय नव्हे.)

बौद्ध आचार्य बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'त, म्हणजे ध्यानमार्गावरच्या पाली ग्रंथात, ज्याचं संपादन आपल्या गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी केलं, करुणेचा लांबचा शत्रू क्रौर्य आणि जवळचा शत्रू शोक सांगितलाय. क्रौर्य लगेच ओळखू येतं. शोक करुणेचेच कपडे घालून येतो. उपेक्खेचा, म्हणजे समतेचा, जवळचा शत्रू बेपर्वाई. बाई घाबरत होती बेपर्वाईला, घरात ठाण मांडून होता शोक.

उपेक्खेची सुरुवात जिवलगापासून करू नये, ना आवडत्या ना नावडत्या माणसापासून करावी, असंही तिथेच आहे. म्हटलं, दादाला तूर्त राहू द्या. सकाळी पों-पों करत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, घ्या. तो आपल्या कर्माचा धनी, एवढंच मनात धरा.

ती हसली. "पोदेराचं मला काय पडलंय?"

"उद्या तो तुमच्या दारात चक्कर येऊन पडला तर?"

"पाणी देईन. डॉक्टरकडे नेईन."

"आणि रात्रभर त्याच्या दाराशी जागाल?"

बराच वेळ ती बोलली नाही.

दादापर्यंत यायला काही महिने गेले. डिकी उघडणं आधी सुटलं. कामावर खोटा फोन करणं सोडणं फार जड गेलं, कारण त्याची नोकरी जाईल ही भीती खरीच होती. मनोविकारतज्ज्ञाकडे त्याला नेणं मात्र तिने कधी थांबवलं नाही.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तो पुन्हा प्याला. सांगताना ती खूप रडली. डॉक्टरांची पुढची तारीख मात्र तिने त्याच सकाळी घेऊन ठेवली होती.