न बोलणारं मूल घेऊन न्यू जर्सीला येताय?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याची एच-१बी वर एडिसनला बदली होतेय, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय. तोंडाने बोलत नाही, पण पुण्यातल्या थेरपिस्टमुळे टॅबवरची चित्रं दाबून मागायला नुकताच लागलाय. तिकडे गेल्यावर हे सगळं मोडेल का?

मोडणार नाही, पण आपोआप चालूही राहणार नाही. आम्ही लेकीला घेऊन आलो तेव्हा ती साधारण याच वयाची होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथला कायदा पालकांच्या बाजूचा आहे, फक्त तो लेखी मागणाऱ्यालाच पावतो.

तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची जबाबदारी गावाच्या शाळा-डिस्ट्रिक्टची, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेची. (त्याहून लहान मुलांसाठी राज्याची अर्ली इंटरव्हेन्शन योजना आहे.) ‘आयडिया’ या केंद्रीय कायद्याखाली विशेष शिक्षण फुकट मिळतं, व्हिसा कुठला याच्याशी शाळेला देणंघेणं नसतं. तुम्ही त्या गावात राहता याचा पुरावा मात्र लागतो. त्यामुळे घर बघताना स्टेशन किती लांब आणि इंडियन ग्रोसरी कुठे हे नंतर बघा. आधी त्या डिस्ट्रिक्टमध्ये प्रीस्कूल स्पेशल एज्युकेशनचा वर्ग आहे का, त्यातली मुलं बोलणारं उपकरण (चित्र दाबलं की शब्द बोलणारा टॅब वगैरे) वापरतात का, ते फोन करून विचारा.

भाडेकरार हातात आला की त्याच दिवशी ‘मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी करा’ असं पत्र डिस्ट्रिक्टला द्या. फोनवरच्या गोड बोलण्याने मुदत सुरू होत नाही, पत्राने होते. पत्र पोहोचल्यापासून 20 दिवसांत त्यांना मीटिंग घ्यावी लागते, आणि तपासणीला तुम्ही संमती दिलीत की 90 दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि आयईपी, म्हणजे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, सुरू व्हावा लागतो. पत्रात ‘सहाय्यक तंत्रज्ञानाचीही (म्हणजे अशा बोलणाऱ्या उपकरणाच्या गरजेचीही) तपासणी हवी’ असं स्पष्ट लिहा. आणि मुलाला मराठी कळतं, इंग्रजी नाही, हेही लिहा. शक्य असेल तर मुलाच्या भाषेत तपासणी करावी असं कायदाच सांगतो. नाहीतर ‘गिव्ह मी द बॉल’ कळलं नाही म्हणून पोराची समज कमी धरली जाते.

मुलाला उपकरणाची गरज आहे का, याचा विचार प्रत्येक आयईपीत करावाच लागतो. गरज ठरली तर खर्च शाळेचा. यात एक मेख आहे. आमच्या शाळेत टॅब दुपारी कपाटात जायचा, म्हणजे पोरीने घरी येऊन गप्प बसायचं. घरीही वापर आवश्यक आहे असं एक वाक्य आयईपीत घालून घेतलं, तेव्हा तो दप्तरातून यायला लागला. ते वाक्य पहिल्याच मीटिंगमध्ये मागा.

विम्याचं थोडक्यात. विम्यातून ऑटिझमच्या थेरपीचा खर्च मिळण्याबद्दल न्यू जर्सीचा 2009 चा कायदा चांगला आहे, पण मोठ्या कंपन्या बऱ्याचदा कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च विमा कंपनीऐवजी स्वतःच्या पैशांतून भरतात (यालाच सेल्फ-फंडेड म्हणतात) आणि अशा योजनांना राज्याचा कायदा लागत नाही. ‘प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का’ हे नवऱ्याला निघण्यापूर्वी एचआरला विचारायला सांगा.

आता मधल्या काळाबद्दल, कारण शाळेचा टॅब यायला काही महिने जातात. पुण्यातलं ॲप बंद करू नका. थेरपिस्टकडून सध्याच्या शब्दांची यादी, स्क्रीनचे फोटो आणि इंग्रजीत रिपोर्ट घेऊन ठेवा. इथे शाळांत बहुतेक प्रोलोक्वोटूगो किंवा टचचॅट ही चित्रं दाबून बोलायची ॲप्स दिसतात, त्यांत मराठी नाही. घरासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे तसंच ॲप आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतं. शाळेत एक आणि घरी एक चालेल का, तर आमच्याकडे चाललं.

आणि टॅब समोर ठेवून ‘दाब, दाब’ म्हणत बसू नका, तुम्ही स्वतः दाबा. वरणभात वाढताना ‘अजून’ दाबून वाढा, ताट उचलताना ‘संपलं’ दाबा, बाहेर पडताना ‘चल’. त्याने लगेच काही दाबलं नाही तरी चालतं, मूल आधी बघतं. आमची लेक बरेच दिवस नुसती बघत होती आणि मग एका संध्याकाळी लांबलेल्या पाहुण्यांसमोर ‘संपलं’, ‘जा’ असं दाबून मोकळी झाली.

सासरचे-माहेरचे म्हणतील, याने पोरगं बोलायचं राहील. 2006 साली मिलर, लाईट आणि श्लॉसर यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले होते. भरवशाच्या 27 उदाहरणांत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडं वाढलंच होतं. मराठी सोडा असं कुणी सांगितलं तर तेही ऐकू नका.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. मुलाचा हात किंवा कोपर धरून टाइप करून घेणारे, किंवा अक्षरांचा तक्ता स्वतः हातात धरून शब्द ‘काढून’ देणारे लोक इथे भेटतील. ते शब्द मुलाचे असतात याला पुरावा नाही, आणि स्पीच थेरपिस्टांच्या अमेरिकन संघटनेने 2018 मध्ये दोन्ही पद्धतींविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आहे.

जूनमध्ये पोहोचत असाल तर ‘सप्टेंबरमध्ये या’ असं ऐकायला मिळेल. त्या 20 दिवसांतून सणासुदीच्या सुट्ट्या वगळतात, उन्हाळ्याची सुट्टी नाही. पत्र देऊन टाका आणि पोच घ्या.