फॉरवर्ड केलेली मेल परत का येते?

प्रश्न : स्वतःच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालवतो. माझ्या डोमेनच्या पत्त्यावर येणारी मेल जीमेलवर फॉरवर्ड व्हावी आणि सर्व्हरवरही एक प्रत राहावी, असं हवं आहे. अलायस (एका पत्त्याची मेल दुसऱ्या पत्त्यांकडे वळवणारी नोंद) टाकला, पण काही मेल पोहोचतात, काही स्पॅममध्ये जातात आणि काही चक्क परत येतात. चूक कुठे होतेय?

उत्तर : काही मेल पोहोचतात, म्हणजे अलायस चालतोय. तरी एकदा खात्री करा. व्हर्च्युअल अलायसच्या फाइलमध्ये डावीकडे तुमचा पत्ता आणि उजवीकडे स्वल्पविराम देऊन दोन पत्ते हवेत : पुन्हा तोच पत्ता आणि जीमेलचा. स्वतःचा पत्ता उजवीकडे लिहायला विसरलात, तर सर्व्हरवर प्रत राहत नाही. फाइल बदलली की दरवेळी ‘पोस्टमॅप’ ही कमांड चालवा.

खरी अडचण एसपीएफची आहे, म्हणजे एखाद्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणाऱ्या नोंदीची. फॉरवर्ड करताना मेलच्या लिफाफ्यावर (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता, ‘फ्रॉम’ ओळीहून वेगळा) मूळ पाठवणाऱ्याचाच पत्ता राहतो, पण मेल येते तुमच्या आयपीवरून. त्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत तुमचा आयपी कसा असेल? जीमेलला ही तोतयेगिरी वाटते.

यावर उपाय एसआरएस, म्हणजे लिफाफ्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून लिहिण्याची पद्धत. त्यासाठी ‘पोस्टएसआरएसडी’ हे सॉफ्टवेअर बसवा, ते लिफाफ्यावरचा पत्ता तुमच्या डोमेनचा करून देतं. तुमच्या डोमेनची एसपीएफ नोंद मात्र आधीच नीट असायला हवी. पहिल्या आवृत्तीत ते १०००१ आणि १०००२ या पोर्टवर ऐकतं. पहिला पोर्ट पाठवणाऱ्याच्या कॅनॉनिकल मॅपला (पोस्टफिक्समधली पत्ते बदलणारी सेटिंग) आणि दुसरा घेणाऱ्याच्या मॅपला जोडा. पाठवणाऱ्याचा क्लास फक्त ‘एन्व्हलप सेंडर’ ठेवा, नाहीतर ‘फ्रॉम’ ओळही बदलेल. स्वतःची इतर डोमेन वगळण्याच्या यादीत टाका. एक गैरसोय अशी की सर्व्हरवर राहणाऱ्या प्रतीच्या ‘रिटर्न-पाथ’मध्येही एसआरएसचा पत्ता दिसतो, त्या पत्त्यावर बेतलेले सिव्हचे (आलेली मेल आपोआप वेगवेगळी लावणारे) नियम मग लागत नाहीत.

एवढं करूनही डीमार्कचा प्रश्न उरतो, म्हणजे ‘फ्रॉम’मधलं डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएमशी जुळतं का, या तपासणीचा. एसआरएसमुळे एसपीएफ पास होतं ते तुमच्या डोमेनचं. ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी ते जुळत नाही. तिथे मूळ डीकेआयएम सहीच (पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही) तारते, म्हणून मेलला वाटेत हात लावू नका. स्पॅम फिल्टर विषयाच्या ओळीत शिक्का मारत असेल किंवा खाली तळटीप जोडत असेल, तर सही मोडते. अशी मेल डीमार्कचं ‘रिजेक्ट’ (नाकारा) धोरण असलेल्या डोमेनची असली तर ती परत येणारच. ज्यांनी सहीच केलेली नाही, त्यांच्या बाबतीत तुमच्या हातात फारसं काही नाही.

प्रश्न : डोमेनवरची सगळीच मेल, कोणत्याही नावाने आलेली, फॉरवर्ड केली तर?

उत्तर : करू नका. अंदाजाने रचलेल्या नावांवर येणारा सगळा कचरा तुमच्या आयपीवरून जीमेलकडे जाईल आणि पत जाईल ती तुमची. हवे तेवढेच पत्ते लिहा. स्पॅम असेल तर पाठवणाऱ्या सर्व्हरशी जोडणी चालू असतानाच नाकारा. आधी घेऊन मागाहून परत पाठवलात, तर तो खोट्या पत्त्यांवर जाऊन पडतो.

चाचणी घेताना मेल त्याच जीमेल खात्यावरून पाठवू नका. पाठवलेल्याच मेलची परत आलेली प्रत जीमेल इनबॉक्समध्ये दाखवत नाही, आणि चांगलं चालणारं फॉरवर्डिंग बंद असल्यासारखं वाटतं.