डेव्हिड लिंच यांचे चित्रपट समजत नाहीत, तरी चाहते ते पुन्हा पुन्हा का पाहतात?

अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्या २०२५ मधील निधनानंतर चाहत्यांनी लिहिलेल्या आठवणी वाचून तुम्ही ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ पाहिला, त्यातला बराचसा भाग डोक्यावरून गेला, आणि हेच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांना त्यांत काय सापडते, असे तुम्ही विचारले आहे. मी त्या पाहणाऱ्यांपैकीच एक असल्यामुळे माझ्यापुरते उत्तर देते. लिंच यांच्या अतिवास्तव मांडणीच्या तळाशी अगदी साध्या भावना असतात. त्यांतही जिवाभावाचे माणूस गमावल्याचे दुःख त्यांच्याइतके उघडेवाघडे दाखवणारा दुसरा दिग्दर्शक मला ठाऊक नाही. पहिल्यांदा पाहताना आपण कथानकाचा पाठलाग करत असतो आणि त्या धांदलीत हे दुःख हातून निसटते; दुसऱ्या वेळी ते थेट समोर येते.

‘मलहॉलंड ड्राइव्ह’मधला क्लब सिलेन्सिओचा प्रसंगच घ्या. बेटी आणि रीटा या चित्रपटाच्या दोन नायिका रात्री उशिरा एका जुनाट नाट्यगृहात जातात. इथे वाद्यवृंद नाही, ऐकू येते ते सारे ध्वनिमुद्रित आहे, असे रंगमंचावरचा माणूस पुन्हा पुन्हा बजावून सांगतो. एक वादक तर ट्रम्पेट ओठांपासून दूर नेतो आणि सूर तसाच चालू राहतो. म्हणजे प्रेक्षकाला सगळे आधीच सांगून टाकलेले आहे. त्यानंतर रेबेका डेल रिओ येतात आणि कोणत्याही साथीशिवाय स्पॅनिशमध्ये गाऊ लागतात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की डोळ्याखाली रेखलेला अश्रूही दिसतो. ऐकता ऐकता त्या दोघींना रडू कोसळते, आणि गाणे ऐन भरात असताना गायिका खाली पडते, आवाज मात्र थांबत नाही. पहिल्यांदा पाहताना या क्षणी धक्का बसतो. पुढच्या वेळी ती पडणार हे आपल्याला पक्के माहीत असते, तरीही घसा दाटून येतो, आणि माझ्या मते या चित्रपटाचे मर्म त्या दाटून येण्यातच आहे. डेल रिओ यांचेही २०२५ मध्येच निधन झाल्यामुळे आता हा प्रसंग पाहणे अधिकच जड जाते.

मुळात हा चित्रपट १९९९ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग म्हणून तयार झाला होता. एबीसी वाहिनीने तो नाकारला, पुढे फ्रेंच निर्मात्यांच्या पैशांतून जास्तीचे चित्रीकरण झाले, आणि २००१ मध्ये त्याच चित्रपटासाठी लिंच यांना कान चित्रपट महोत्सवात जोएल कोएन यांच्यासह दिग्दर्शनाचा पुरस्कार विभागून मिळाला. डीव्हीडीसोबत लिंच यांनी दहा सूचक खुणांची यादीही दिली होती. ती सध्या बाजूला ठेवा, असे मी सुचवेन, कारण तिच्यामुळे लक्ष पुन्हा ॲशट्रे आणि दिव्यांच्या शेड शोधण्याकडे वळते.

दुःखाविषयी मी जे म्हणते आहे, ते सर्वांत स्पष्टपणे ‘ट्विन पीक्स’ या मालिकेत दिसते. मार्क फ्रॉस्ट यांच्यासह निर्माण केलेल्या या मालिकेचा १९९० मधला पहिला भाग सहसा ‘लॉराचा खून कोणी केला’ या प्रश्नासाठी आठवला जातो, पण त्यात तपासाइतकाच वेळ रडण्याला दिलेला आहे. मुलगी घरी नाही म्हणून घाबरलेली लॉराची आई नवऱ्याला हॉटेलात फोन करते. बोलता बोलता त्याला शेरीफ आत येताना दिसतो, आणि कोणी काही सांगण्याआधीच त्याला सारे कळून चुकते. त्याच्या हातातून रिसीव्हर सुटतो, कॅमेरा फोनच्या गुंडाळीदार वायरीवरून सावकाश खाली उतरतो, आणि त्या लोंबकळत्या रिसीव्हरमधून आईचा आक्रोश ऐकू येत राहतो. रहस्यकथांमध्ये मृतदेह हा बहुधा कथेला सुरुवात करून देण्यापुरता असतो. इथे मात्र एक मुलगी गेली आहे, हे लिंच आपल्याला क्षणभरही विसरू देत नाहीत.

२०१७ मध्ये आलेल्या या मालिकेच्या अठरा भागांच्या तिसऱ्या पर्वात त्यांनी स्वतःच्या गेलेल्या सहकाऱ्यांचा शोकही सामावून घेतला. ओंडका कवटाळून बसणाऱ्या मार्गारेटची भूमिका करणाऱ्या कॅथरीन कूलसन ‘इरेझरहेड’ या लिंच यांच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या काळापासून त्यांच्यासोबत होत्या. आपल्या वाट्याची दृश्ये चित्रित झाल्यावर २०१५ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. पडद्यावरही नाकाला प्राणवायूची नळी लावलेली मार्गारेट आपला शेवट जवळ आल्याचे हॉक या पोलीस अधिकाऱ्याला फोनवर सांगते, आणि नंतर रात्रीच्या अंधारात तिच्या घरातला दिवा मंद होत विझतो. तो भाग लिंच यांनी मार्गारेट या पात्राच्या स्मृतीस अर्पण केला आहे. ते स्वतः गेल्यानंतर हा प्रसंग आमच्यापैकी अनेकांनी पुन्हा पाहिला असणार, याविषयी मला शंका नाही.

लिंच जानेवारी २०२५ मध्ये, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी गेले. एके काळी ते ज्या उपाहारगृहात नित्यनेमाने जात, त्या बरबँकमधल्या ‘बॉब्स बिग बॉय’च्या पुतळ्यापाशी चाहत्यांनी फुले, कॉफीचे पेले आणि डोनट आणून ठेवले. १९७३ पासून ते ध्यान करत असत, त्यामुळे २० जानेवारी या त्यांच्या जन्मदिनी सर्वांनी आपापल्या ठिकाणी ध्यानाला बसावे, असे आवाहन त्यांच्या कुटुंबीयांनी केले होते.

पुढे काय पाहावे, असेही तुम्ही विचारले आहे. ‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) आधी पाहा. त्यात अतिवास्तव असे जवळजवळ काहीच नाही. आजारी भावाला भेटण्यासाठी आल्विन स्ट्रेट हा वृद्ध माणूस बसून चालवायच्या गवत कापणीच्या यंत्रावरून आयोवातून विस्कॉन्सिनला जातो, एवढीच ही खऱ्या घटनेवरची गोष्ट आहे, आणि लिंच यांचा मूळ स्वभाव तिच्यात कोणत्याही आडपडद्याशिवाय दिसतो. त्यानंतर ‘द एलिफंट मॅन’ (१९८०) पाहा. ‘ड्यून’ या त्यांच्या चित्रपटावर अंतिम संकलनाचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, म्हणून तो पाहायचा राहिला तरी चालेल. ‘इरेझरहेड’ (१९७७) पाहताना मात्र हेडफोन जरूर लावा, कारण ध्वनिरचनाकार ॲलन स्प्लेट आणि लिंच यांनी रचलेली यंत्रांची आणि वाफेची ती अखंड घरघर लहान स्पीकरवर पोचतच नाही, आणि तिच्यावाचून बाप होण्याच्या धास्तीचा तो चित्रपट निम्माच उरतो. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’कडे या सगळ्यानंतर परत या, आणि त्या वेळी कोण कोणाचे स्वप्न पाहते आहे हा हिशेब सोडून बेटीच्या चेहऱ्यावरची आशा कुठे कुठे विझत जाते, तेवढेच पाहा.